दाराची वीट

आमचं मागचं दार आता आपटतं.
बावन्न वर्षं आपटलं नव्हतं.
तिथे एक वीट असायची, लाल, कोपऱ्याचा टवका गेलेली.
येता-जाता माझी करंगळी ठेचायची,
आणि मी शिव्या द्यायची सिरिलला, विटेला नाही.

मार्चमध्ये त्यानं ती उचलून शेडमध्ये नेली.
का, विचारलं, तर म्हणाला, "एकास एकोणीस."
चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस
वाक्यंसुद्धा ओळंबा लावून बोलतो.

फरशी कापायची करवत, पात्यावर पाण्याची धार,
आणि नखाएवढ्या विटा:
अकरा मिलिमीटर लांब, जेमतेम साडेतीन जाड.
पातंच दोन मिलिमीटरचं,
म्हणजे हाती लागते त्याहून जास्त वीट गाळात जाते.
बादलीतलं तांबडं पाणी मी गुलाबांना घालायला निघाले
तर हात धरला. "राहू दे एनिड. लागेल."

टॅनर्स रो, नंबर अकरा.
खाली दोन खोल्या, वर दोन, संडास अंगणापलीकडे.
मी ते घर पाहिलेलं नाही.
आमची ओळख होईतो नगरपालिकेनं अख्खी गल्ली पाडली होती
आणि विटांचा चुना खरवडायला पोरं लावली होती,
हजारी दहा शिलिंगांनी.
त्यातलं एक पोर सिरिल, सोळा वर्षांचं,
आपल्याच घराची भिंत मांडीवर घेऊन
छिन्नीनं साफ करत होतं,
दुसऱ्या कुणाच्या बंगल्यासाठी रचून ठेवत होतं.

हे मला त्यानं गेल्या मंगळवारी सांगितलं,
डोळ्याला भिंग, चिमट्यात वीट.
मी म्हटलं, "आणि आपली ही?"
"कोटात घातली. त्या हजारात एक कमी होती."
मग बऱ्याच वेळानं,
"कुणी मोजलं नाही."

सकाळी हात थरथरतात, म्हणून काम चारनंतर.
ओळंबा म्हणजे शिवणाचा दोरा, टोकाला गळाचं शिसं.
थरावर थर, सांध्यावर सांधा येऊ न देता.
उंबरा त्याची आई हॅना दर शुक्रवारी
पांढऱ्या दगडानं घासायची;
त्यासाठी माझा बेतायचा खडू गेला.
एक खिडकी त्यानं तीनदा काढून बसवली.
मी म्हटलं, "आता कोण तपासायला येणार आहे?"
भिंगातून माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला गेले.

विटा पुरल्या फक्त दर्शनी भिंतीला.
उरलेल्या तीन बाजू प्लॅस्टरच्या,
दाभणानं रेघा ओढून, बादलीतल्या गाळानं रंगवलेल्या.
रुळांचा फेरा थाइमच्या झुडपाला वळसा घालतो, तिथे घर बसवलं,
रुळांकडे पाठ करून.

शेजारचा पर्सी कुंपणावरून म्हणाला,
"उलटं बसलंय. प्रवाशांना मागची बाजू दिसते."
सिरिल म्हणाला, "गाडीतून घरांची मागची बाजूच दिसते, पर्सी.
वाळत घातलेले कपडे. कोळशाचा ढीग."
आणि समोरची बाजू,
ती माझ्या भांडी घासायच्या खिडकीकडे.
याबद्दल तो काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

काल रात्रभर रिपरिप होती.
सकाळी चिमणीवर एक गोगलगाय,
अर्ध्या छतावर तिची चकचकीत वाट.
मी उचलणार, तर म्हणाला, "असू दे.
वरची खोली आम्ही नेहमी भाड्यानंच द्यायचो."

दाराला मी त्याचा जुना बूट लावून पाहिला. सरकतो.
विटेचा टवका गेलेला कोपरा तेवढा उरलाय,
अक्रोडाएवढा, त्याला दार काय ऐकणार.
तो मी खिडकीत ठेवलाय, साबणाशेजारी.

वारा सुटला की दार आपटतं,
आणि शेडमधून आवाज येतो,
"येतो, आई,"
मग थोडं थांबून,
"एनिड, दार."