बारा ते आठची लाईट

या आठवड्यात विसरवाडी फीडरला
लाईट रात्री बारा ते सकाळी आठ.
फळ्यावर खडूनं लिहिलेलं मी दोनदा वाचलं,
मग तारीख वाचली, चोवीस.
वायरमनला विचारलं, एक दिवस बदलून मिळेल?
तो म्हणाला, बाई, आमच्या हातात काय आहे,
वेळापत्रक वरून येतं.

तेच तर मी म्हणते, प्रभू.
वरून येतं.

रूबेन सुरतेला, सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर,
सोबत त्याचा भाऊ आणि घरची एक गोधडी.
अनुग्रहा आज नाटकात मरिया,
माझी निळी साडी तिच्या अंगाला दोन वेढे जास्त.
महिनाभर मीच तिला शिकवलं
देवदूताला उत्तर कसं द्यायचं :
मान खाली, पण आवाज खाली नाही.
आणि ते मी ऐकणार नाही,
कारण गव्हाला दुसरं पाणी द्यायचंय
अन् गहू काही नाताळ बघून वाळत नाही.

साडेअकराला निघाले.
पायात रूबेनचे गमबूट, आत फडकी कोंबलेली,
ओट्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा.
मागं वळून पाहिलं तर देवळावर चांदणी,
कामट्यांची, पतंगाच्या कागदाची,
एक कोपरा पोरांनी उलटा चिकटवलेला.

बाराला लाईट आली. मोटार उठली नाही.
बटण दाबलं की नुसती घुमायची,
म्हाताऱ्या बैलासारखी, उठते उठते म्हणून बसायची.
मी मोठी प्रार्थना केली नाही, तुला माहीतच आहे.
एवढंच म्हटलं, तिसरा फेज दे.
बाकीचं नंतर बोलू.

तू फेज दिला नाहीस.
शेजारच्या शेतातला धुडकू आप्पा दिलास,
कानाला टॉवेल, तोंडात विझलेली विडी.
"आज तं तुमना सण शे ना वं बहीण?"
म्हणत त्यानं पेटीतला फ्यूज उपसला,
जळकी तार फेकली, नवी पिळून बसवली.
"देव बी कसा शे! सण दिधा,
अन् लाईट बी त्याच रातले दिधी."
मला हसू आलं.
आमेन हसून म्हटलेलं चालतं का?
मी म्हटलं.

मग पाणी आलं,
बोअरचं, कोमट, वर वाफ धरलेलं.
एवढ्या थंडीत जमिनीच्या पोटात
तू काय पेटवून ठेवतोस?
मी बूट काढले.
एका वाफ्याचं दार लावायचं, पुढच्याचं फोडायचं.

रंगावलीकडून गाणं येत होतं, तुटक,
अर्धी ओळ इकडे, अर्धी पाण्यापलीकडे.
मग एकदम शांत.
आता देवदूत आला असेल.
आता ती बोलत असेल.
मी फावडं थांबवलं.
माती पाणी पिताना करते तो आवाज,
तेवढाच.

मेंढपाळांची गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगते,
बोलावणं आलं आणि ते धावत गेले.
कधी सुचलं नाही विचारायचं
मेंढरांजवळ मागं कोण राहिलं.
कोणीतरी राहिलंच असेल. रानात लांडगे असतात.
त्यानं गव्हाण पाहिली नाही,
त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही.
आज बांधावर शेंगा सोलताना
तो माझ्याशेजारी येऊन बसला असं वाटलं.
आम्ही काही बोललो नाही.

साडेचारला लाईट गेली ती गेलीच.
सात वाफे कोरडे राहिले.
रूबेनचा फोन आला :
रिपोर्ट उद्या देणार, आज सुट्टी आहे म्हणे.
तुझं पाणी झालं?
झालं, मी म्हटलं.
सात वाफ्यांचं त्याला सांगितलं नाही.
तुलाही सांगत नाही, तू तिथंच होतास.

घरी आले तेव्हा अनुग्रहा उंबऱ्यात,
निळी साडी गुडघ्यांभोवती ओढून बसलेली.
"आई, मी मान खाली घालायला विसरले.
सरळ बघितलं त्याच्याकडे."

चालतं, मी म्हटलं,
आणि चिखलाचे पाय
दारातच धुवायला बसले.