दोन किलो सहाशे

लहान चौतीस हजार. मोठा अडुसष्ट.
लांजेवार म्हणाला, ताई, हिशोब सोपा आहे,
एकात दोन बसतात.
मला तो काही सोपा वाटला नाही.

लहान एका हातात उचलला, ताटलीसारखा.
डब्याच्या पिशवीत मावेल,
नवरगावच्या एसटीत मांडीवर मावेल,
लाइट गेली तरी आठ तास जागा राहील.
आमच्या फीडरवर ही साधी गोष्ट नाही.

मोठ्याला दोन्ही हात लागले.
दोन किलो सहाशे, वर चार्जरची वीट.
वहिनीचं पोर दवाखान्यात एवढंच भरलं होतं
आणि नर्स म्हणाली होती, चांगलं वजन आहे.

माझं काम पोस्टरचं.
दिवाळी झाली की नाटकवाले येतात, होळीपर्यंत झोप नाही.
नाटकाचं नाव काहीही असो,
खलनायकावर लाल उजेड, नायिकेच्या डोळ्यांत पाणी,
आणि मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो
नायकापेक्षा दोन बोटं मोठा.
आजवर हे सगळं गुरनुलेच्या दुकानात,
रात्री नऊनंतर, तासाला चाळीस रुपये.

पेनड्राइव्ह ओढणीच्या गाठीत बांधून आणला होता.
म्हटलं, माझी फाइल उघडून दाखवा.
लहानावर निळं चाक फिरू लागलं.
फिरलं.
फिरलं.
मग वरून खाली उतरू लागली नायिका,
आधी केस, मग कपाळ, मग एक डोळा,
आणि तिथंच थांबली.
पोऱ्या चहा घेऊन येईपर्यंत
ती एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत होती.

मोठ्यावर टिचकीसरशी आली,
दोन्ही डोळ्यांनी, पाण्यासकट.
फक्त आतला पंखा असा घोंघावला
की दुकानात धानाची मळणी काढल्यासारखं वाटलं.

आईला फोन लावला. ती बांधीत होती, रोवण्यावर.
"मोठा गंज घेतला त चूल बी मोठी मांडा लागते,
अन् मंग खानारे बी शोधा लागते."
मी म्हटलं, आणि पाहुणे आले की
शेवंताकाकूकडे गंज मागायला कोण पळतं?
पलीकडून बराच वेळ
चिखलातून पाय उपसल्याचा आवाज.
मग म्हणाली, "तुया पैशाचा हाये. तूच पाय."

खरं सांगायचं तर पैशांपाशी मी अडले नव्हते.
लहान घेतला असता तर उत्तर हाताशी राहिलं असतं:
काय करू, मशीनच लहान.
इतकी वर्षं ते मी गुरनुलेच्या नावावर खपवलं,
त्यानं शटर लवकर ओढलं,
त्याचा माउस अडकतो.
मोठ्यावर नायिका एका डोळ्याची निघाली
तर तो डोळा माझा.

चहाचा कप दोन्हींच्या मधे ठेवला होता.
लांजेवारनं तो घाईनं उचलला
आणि विचारलं, मग?

चौतीस रोख होते. बाकीचे हप्त्यानं.
होळीपर्यंतचे निघतील.
नंतरच्या चार महिन्यांचं त्यानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
बॅग फुकट मिळाली, ती लहानाच्या मापाची.
चेन अर्ध्यावर येऊन थांबली, एक कोपरा बाहेर.

एसटीत झड आत येत होती,
म्हणून त्याला ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं.
शेजारची म्हातारी सरकून बसली,
मला आतली जागा दिली, खिडकीची काच रेटून लावली.
सिंदेवाही येईस्तोवर काही बोलली नाही.
मग ओढणीकडे बघत, हळूच,
"किती महिन्याचं हाये?"

बारा, मी म्हटलं.