शेवटची ओळ

लक्ष्मीपुरीत माझं चष्म्याचं दुकान.
जागा दहा फुटी, म्हणून तक्ता उलटा छापलेला
आणि गिऱ्हाइकानं तो आरशात वाचायचा.
गणीचाचा मुजावर चौथ्या ओळीला अडले.
"ट... न्हाई, ढ. लिव काय लिवायचं त्ये."
एकतीस वर्षं वायरमन. तळहातावर
अठन्नीएवढा पांढरा डाग.

"ह्या शेवटच्या ओळीच्या खाली काय असतंय गा?"
मी म्हटलं, छापणाऱ्या कंपनीचं नाव.
"तसं न्हवं."

रात्री एम-एटीवर मागं बसवून नेलं मला
मुडशिंगीच्या पुढं, उसाच्या बांधावर.
मांडीवर आडवी ट्यूब,
माझ्याच दुकानातली, गेल्या महिन्यात उडालेली.
वर मोठ्या लाइनचे मनोरे,
आणि लांबच्या गुऱ्हाळात काहील रटरटावी तसा आवाज.

चाचांनी ट्यूब उभी धरली.
होल्डर नाही, चोक नाही, बटण नाही.
मला वाटलं चांदणं पडलंय काचेवर,
पण अवस होती.
ताकाच्या निवळीसारखा फिकट उजेड
मुठीच्या वर तेवढा.
खाली काचच.

त्यांनी मूठ सावकाश खाली सरकवली
तसा उजेडही खाली आला,
शिडी उतरणाऱ्या माणसासारखा, अंदाज घेत.

"आमचा शिणगारे," ते म्हणाले,
"खांबावर चढला. लाइन बंद हाय म्हणून सांगितल्यालं.
बंद तार आन् चालू तार,
दिसायला येकच की."
पुढं काही बोलले नाहीत.

मला कॉलेजातलं आठवलं:
या तारेतली एक लाट सहा हजार किलोमीटर लांब.
इथं बांधावर सुरू झाली
तर समुद्र ओलांडून
आफ्रिकेच्या पोटात कुठंतरी पुरी होईल.
आणि मी नंबर काढतो कशाचा,
तर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या पट्टीचा.
अख्खं सप्तकसुद्धा नाही,
कोमल निषादाच्या आसपास डोळ्याचा गळा बसतो.

"धर," चाचा म्हणाले.
धरली. हात थरथरला,
उजेडही थरथरला माझ्याबरोबर.
अंगातून काही जात होतं का? कळलं नाही.
कळेल असं काही नव्हतंच.

परतताना त्यांनी गाडीचा दिवा लावला.
दहा पावलं रस्ता दिसायला लागला,
दगड, शेण, एक मुंगूस,
आणि ऊस, मनोरे, तारा
सगळं एकदम गेलं.