हातचा

रविवारी सकाळी साडेसहाला
पाचपाखाडीत आम्ही सात जण जमतो.
दोन पकडी, एक मारतूल,
जनार्दन भोईरची प्लंबिंगची शिडी,
आणि रेश्मा तांबोळीच्या डब्यात
मेणात कालवलेली हळद.
ती रात्रपाळी संपवून थेट येते,
खिळा काढण्याआधी झाडाला विचारते,
"थोडं दुखेल हां."
गमतीनं. पण विचारते.

वाटलं होतं, पन्नास निघतील, फार तर शंभर.
पहिल्याच सोनमोहरातून निघाले त्रेसष्ट.
मूळव्याध, विनाऑपरेशन.
पेइंग गेस्ट, फक्त मुली, शाकाहारी.
एका भाऊंचा वाढदिवस,
त्याच्यावर दुसऱ्या भाऊंचा.
पाट्या कधीच गळून गेलेल्या,
खिळे मात्र नेमणुकीवर हजर.

झाड यावर काही म्हणत नाही.
खिळा निघताना येतो तो आवाज
लोखंडाचा असतो.
मी वहीत लिहितो : झाड, जागा, आकडा.
पस्तीस वर्षं गणित शिकवलं,
दुसरं काय येतं मला?

पुढच्या वळणावर पर्जन्यवृक्षाखाली
रामसूरतची खुर्ची, बावीस वर्षांची.
आरसा एका खिळ्यावर.
त्यानं खिळ्यावर पंजाच ठेवला.
"हा काढलात तर साहेब,
लोकांनी तोंड कुठे बघायचं?"
अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक
आमच्याकडे बघत राहिलं.
पर्यावरणावर बोलणारे आम्ही सगळे
एकदम चपलांकडे बघू लागलो.

शेवटी जनार्दननं शिडीची काथ्याची दोरी सोडली,
बुंध्याभोवती सैलसर बांधली,
आरसा तिच्यात अडकवला.
तो जरा कलला.
तेव्हापासून तिथे दाढी करणाऱ्याला
स्वतःच्या डोक्यावर थोडी पानं दिसतात.
दर दिवाळीला रामसूरत
दोरी बोटभर ढिली करतो.
कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग कचराळी तलावापाशी तो करंज.
गंजलेला पत्रा, अर्धाच उरलेला :
"…लकर सरांचे
गणित १००%"

अठ्ठ्याण्णव साल.
रात्री अकरानंतर एका पोराला
झाडामागे दोन रुपये देऊन
ठोकून घेतल्या होत्या चाळीस पाट्या.
एका पाटीला खिळे चार,
तर एकूण किती?
हे दहावीला विचारायचं गणित नाही,
पाचवीचं पोर तोंडी सांगेल.

कुणी काही बोललं नाही.
रेश्मानं पक्कड माझ्या हातात दिली.

तीन निघाले.
चौथ्यावर सालीनं ओठ मिटून घेतले होते,
नुसती एक गाठ, बेंबीसारखी.
मी कोरायला लागलो तसा जनार्दन म्हणाला,
"ऱ्हाऊ द्या सर. त्यानं गिलला तो.
आता काढाल तं जास्तीच लागंल."

भंगारवाल्या मोईनकडे काटा लावला.
चार किलो तीनशे, भाव तीस,
एकशे एकोणतीस.
तो एकशे तीस देतो,
मी एक रुपया परत करतो.
दोघांनाही आता सवय झाली आहे.
पैशातून मेण येतं, हळद रेश्माच्या घरची.

काल त्याच सोनमोहरावर
पुन्हा एक खिळा, ताजा, चकचकीत.
कोडिंग क्लासेस, खाली मोबाईल नंबर.
लावला फोन.
म्हटलं, "बाळा, दोरी देतो मी तुला,
गाठही शिकवतो."
त्यानं कट केला.
बरोबर आहे, मीही केला असता.
पुन्हा लावीन गुरुवारी.

वहीत करंजापुढे लिहिलंय :
खिळे चार. निघाले तीन.
आणि समासात, जिथे मुलांना लिहायला लावायचो,
बारीक अक्षरात,
हातचा एक.