कापसाच्या खोलीत

मोबाइलवर आलं : परभणी, साडेपाच अंश.
आमच्या गावाचं कोण मोजतंय?
रांजणात हात घालून द्वारका म्हणाली, "इथं चारच असंल,"
आणि बोटं कापलेले जुने पायमोजे हातांत चढवून
दव उतरायच्या आधीच वेचणीला गेली.

मागं राहिलो मी,
प्लास्टरमधला माझा उजवा पाय
आणि तीन लेकरं.
दोन आमची. एक शेजारच्या शमीमची अल्फिया,
तिची आईही त्याच वेचणीला.

शहाबादी फरशी अशी गार
की हरिओमनं पाऊल टेकलं आणि उचललं,
बगळ्यासारखा उभाच राहिला.
मग तिघंही बगळे. कोण जास्त वेळ बगळा?
हा खेळ चार मिनिटं पुरला.

मग चिंचोके.
मग चिंचोक्यांवरून भांडण.
मग माझ्या प्लास्टरवर कोळशानं एक एसटी,
तिला सहा चाकं, ड्रायव्हर मांजर.
एसटी मानवतला थांबलीच नाही, गुडघ्यापर्यंत चढली,
पुढं रस्ता नव्हता
म्हणून उतारूंनी खाली उतरून मला गुदगुल्या केल्या.

अजून दहा वाजले नव्हते.
वारं दाराच्या फटीतून सुतळीसारखं आत येत होतं.
मी फटीत पोतं कोंबलं आणि एक राजा काढला.
"राजाला थंडी वाजती का?" अल्फिया.
वाजते.
"मग गोधडी काहून घेत नाही?"
राजानं गोधडी घेतली. राजा झोपला.
गोष्ट संपली.

तेव्हा तिघांनी एकदमच
मधल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

तिथं दिवाळीपासूनचा कापूस,
खिडकीच्या गजांपर्यंत,
भावाची वाट बघत बसलेला.
हात लावायचा नाही, असं मीच बजावलेलं :
मळतो, व्यापारी पैसे कापतो, अंगाला खाज सुटते.
आज मीच कुबडीनं कडी काढली.

"आधी पाय."
पाणी कसलं, पाण्याला तर चटका होता.
उपरण्यानं एकेक पाय पुसला. सहा पाय.
प्रत्येक पाय हातात घेतला तेव्हा गार होता,
सोडताना तेवढा नव्हता.

आणि उड्या.
कापूस आवाज खातो, हे मला आजवर माहीत नव्हतं.
एवढी तीन तोंडं, आणि घर मुकं.
मग पांढरी दाढी लावून कार्तिकी वर आली,
बुडाली,
खिडकीपाशी कुणाची तरी टाच निघाली.
मी दारात बसून कुणाची ते ओळखायचं,
हा माझा खेळ.

"बाबा, आत ऊन हाय!"
काहीतरीच, म्हणून मी कोपरापर्यंत हात खुपसला.
होतं.

दुपारी जेवायला हाका मारल्या तर कुणी ओ देईना.
झोपली होती, एकाच खड्ड्यात,
अल्फियाचा हात हरिओमच्या नाकावर.
मी त्यांच्या केसांतली काडी-कचरा वेचत बसलो.
घरात बसून माझीही वेचणी.

द्वारका दिवे लागताना आली.
दारात उभी राहून तिनं तो खड्डा बघितला.
वाटलं, आता वाजलं.
ती काही बोलली नाही. पायमोजे काढले,
बोंडांनी ओरबाडलेली बोटं
मनगटापर्यंत कापसात घातली
आणि उभी राहिली, बराच वेळ.
दिवसभर कापसातच तर होती.

रात्री तिघंही खाजवत होती. मीपण.
शमीम खोबरेल घेऊन आली आणि मला बोल लावून गेली.

नवव्या दिवशी भाव वर सरकला, टेम्पो आला.
काट्यावर गाठोडं सोडताना
हिरवी काचेची बांगडी निघाली, एक चिंचोका निघाला.
हमालानं बांगडी अल्फियाला दिली,
चिंचोका तोंडात टाकला.

मग खोली.
तिच्यात खोकलं तरी दोनदा ऐकू येतं.
फरशी तशीच, पारा सहावर.
हरिओम आत गेला,
मधोमध जाऊन एका पायावर उभा राहिला
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,
"मोजा."