कार्बन

खाली पिठाची गिरणी, वर आम्ही.
चरईतल्या त्या जिन्याला कठडा नव्हता,
पाटी मात्र होती: खासगी चौकशी. कु. हेमलता टिपणीस.
‘चौकशी’ वाचून लोक एसटीच्या वेळा विचारायला चढून येत.
बाई सांगत. भिवंडी पावणेदहा, मुरबाड सव्वाअकरा.
खोपटच्या कुठल्या खांबाशी
कोण कुणाची वाट बघत उभं असतं
तेही त्यांना ठाऊक होतं.
ते सांगत नसत.

मी टायपिस्ट. पानाला चाळीस पैसे.
अहवालात नाव घालायचं नाही, ‘विषय’ लिहायचं.
विषय घरून आठ दहाला निघाला.
विषयाने पान खाल्ले.
विषय रडला:
हे खोडायला लावलं बाईंनी.
“रडला की डोळ्यांत गिरणीचं पीठ गेलं, तुला काय माहीत, प्रमिला?
डोळे पुसले, एवढंच दिसलं मला.
तेवढंच लिही.”

पहिली फी अकरा रुपये आणि येऊरचा एक फणस.
नौपाड्याच्या चौकीत हवालदार हसला होता:
बाईमाणूस पाळत ठेवणार?
“बाईमाणसाकडे बघतं कोण,” म्हणाल्या,
आणि त्याच वर्षी वागळे इस्टेटमध्ये
तीन महिने बाटल्यांना झाकणं लावत बसल्या,
मालकाच्या मेव्हण्याच्या चोऱ्या मोजत.
कधी फॉल-बिडिंगवाली,
कधी बाळंतिणीला शेक द्यायला आलेली.
एकदा तलावपाळीवर सबंध दुपार कणसं भाजली.
कणसं खपली. ते पैसे
खर्चाच्या बिलातून वजा केले त्यांनी, मिठाचे धरून.

स्थळ त्यांनाही आलं होतं एक, पेणचं.
चौकशी स्वतःच केली.
मुलगा निर्मळ निघाला.
तरी नको म्हणाल्या.
कारण कुठल्याच फाइलीत नाही, मी शोधलंय.

मग तो भाद्रपदातला मंगळवार.
मी आले तर बाई माझ्या खुर्चीत,
दोन बोटांनी ठोकत,
वेलांट्या भलतीकडे, कपाळावर घाम.
“आज तू जा घरी. हे मी करते.”

दुसऱ्या दिवशी मशीनवर कव्हर नीट घातलेलं
आणि रोलरमध्ये कार्बन तसाच.
कोरा होता, एकदाच वापरलेला.
खिडकीशी धरला.
काळ्यातून उजेड अक्षराअक्षरानं आला:

विषय द. वा. वैती, वय एकतीस.
डोंबिवलीच्या पार्टीला अविवाहित असल्याचे सांगितले आहे.
विषय विवाहित आहे.
पत्नी टंकलेखिका. काम चोख.
तिच्याकडे विचारपूस करू नये.

खाली बाजरी पडत होती, जमीन थरथरत होती,
म्हणजे मी नसेन थरथरत.
कार्बन होता तसा परत लावला.
साडेदहाला बाई आल्या, चपला काढल्या,
म्हणाल्या, “अगं, माझा कार्बन राहिला वाटतं काल.”

चौतीस वर्षं झाली.
तिकिटाची फाटकी कोरसुद्धा
तारीख घालून पाकिटात ठेवणारी बाई.
राहिला?

मी विचारलं नाही.
विचारलं इतकंच, की आज काय आहे टाइप करायला.
एक लिफाफा पुढे केला त्यांनी.
पत्ता सांगितला, वकिलाचा, गोखले रोड,
दुसरा मजला, सहानंतर भेटतात.
आत काही नव्हतं.
“पोस्टात टाकू?”
“नको. हातानं नेऊन दे.”

आणि लिफाफ्याला पान धरून
चाळीस पैसे मोजले माझ्या हातावर.