उलटे आटे

घंटा वाजली तेव्हा मी मान वर केली नाही.
वीत्स्केचं पाऊल मला न बघता ओळखू येतं,
सतरा वर्षं ते जिन्यावर ऐकलंय.
"हेसल," ती म्हणाली, "हत्यारं हवीत.
सायकल घरीच दुरुस्त करीन म्हणते.
पहिल्यांदाच घेतेय, काय काय लागेल ते सांग."

अख्ख्या व्लीलांड बेटावर सायकलचं दुकान एक,
आणि ते चालवतो तिचा काडीमोड घेतलेला नवरा.
पंक्चर झालं की माझं तोंड बघायचं,
ब्रेक कुरकुरला की माझंच,
नाहीतर बोटीने हारलिंगन गाठायचं, जायलाच दीड तास.
तिला नेमकं काय हवंय ते मला कळलं.

तिने भिंतीवरच्या लाल पेटीकडे बोट दाखवलं.
सत्तेचाळीस नग, आपापल्या खाचांत झोपलेले.
म्हटलं, ती नको.
त्यातल्या चाळिसांना तू जन्मात हात लावणार नाहीस,
उरलेले सात मऊ लोखंडाचे,
पहिल्याच नटाला तोंड वासतील.
(असा कुठे धंदा होतो का?
आई म्हणायची, हेसल, तू गल्ल्यावर बसू नकोस.)

मग एकेक काढून फळीवर ठेवत गेलो.
पंधराचा पाना, लांब दांड्याचा. चाकांचे नट याचे.
ॲलन कीचा जुडगा, त्यातल्या चार, पाच, सहा झिजतील,
बाकीच्या नुसत्या सोबतीला.
टायर उचकटायच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्याच,
लोखंडी ट्यूबला चावतात.
ठिगळं, सोल्युशन, काचकागद.
"सोल्युशन लावलं की थांबायचं,
बोटाला चिकटेनासं होईपर्यंत."
"तू कधी थांबलास?"
काचकागदाची घडी मी जरा जास्तच नीट घातली.

काटा असलेला उभा पंप.
तेलाची लहान बाटली. इथला वारा खारा, वाळू सगळीकडे,
म्हणून तेल कमी, पुसणं जास्त.
"चिंध्या विकत घेऊ नकोस,
माझे जुने सदरे असतील ना तुझ्याकडे."
"संपले," ती म्हणाली.

चेन मोजायची पट्टी मात्र
मी दोनदा उचलली, दोनदा परत टांगली.
चेन झिजलेली डोळ्यांना दिसत नाही.
कडी न् कडी केसभर सैल होते,
आणि मग एक दिवस, टेकाडाच्या चढावर,
दात्यांवरून सटकते
आणि माणूस म्हणतो, अचानकच झालं.
ही पट्टी हाती आली की
वर्षातून दोनदा ती यायची, तेही संपलं.

तिसऱ्यांदा काढली. नऊ युरो.

डाव्या पेडलचंही सांगून टाकलं.
त्याचे आटे उलटे.
बाकी सगळं जिकडे फिरवून सुटतं
तिकडे ते आवळतं.
नेहमीच्या सवयीने जोर लावशील
तर अजूनच घट्ट बसेल.
"हे तू मला आत्ता सांगतोयस," ती म्हणाली,
आणि हसली. म्हणजे ओठाचा एक कोपरा.

"आणि हे काय?"
तारा पिळायचा छोटा गोल पाना तिच्या चिमटीत होता.
ते राहू दे, म्हटलं.
एक तार ताणावी तर शेजारचीला ढिलं करावं लागतं,
नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये.
चाकाला आऊट आली तर इकडे घेऊन ये.

हे खरं आहे. कुठल्याही मेकॅनिकला विचारा.
प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी हेच सांगतो.

तिने पैसे मोजले, नाणीसुद्धा.
पिशवी हँडलला अडकवून
सायकल ढकलत निघाली, आणि मागचं चाक
प्रत्येक फेऱ्याला डावीकडे किंचित झोकांडत गेलं,
फार नाही, दोन मिलिमीटर.
पुढच्या महिन्यात ब्रेकला घासेल.

मी हाक मारली नाही.
दार तेवढं लावून घेतलं, वाळू आत येते.